संजू, तुझा ड्रोन मी विकला

प्रिय संजू,

आज चिकोडीला जाऊन तुझा ड्रोन विकून आले. रिमोट, तो डोळ्यांवर बांधायचा चष्मा, बॅटऱ्या, चार्जर, सुटे पंखे भरून ठेवलेले चिवड्याचे डबे, सगळं दिलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी ही बातमी मीच तुला सांगावी, म्हणून आज रात्रीच लिहायला बसले आहे. मेलेल्या माणसाला बातम्या कोण पोचवतं, असं विचारशील. पण निपाणीत कुणाची बातमी कुणाला पोचत नाही, ते तू सांग!

राग येईल तुला. येऊ दे. मलाही तुझा आलेला आहे, तो आधी ऐकून घे.

त्या सकाळी आंघोळ करून बाहेर आलास, छातीत जड वाटतंय म्हणालास आणि कोल्हापूरच्या वाटेवरच सगळं संपलं. नंतर तुझ्या बायकोनं, वैशालीनं सांगितलं, की बरेच दिवस जिना चढताना तुला दम लागत होता. मला का नाही सांगितलंस? लहानपणापासून दाढदुखीपर्यंतची सगळी गाऱ्हाणी आक्कापाशी, आणि नेमकं हेच लपवलंस! ड्रोनच्या एका मोटरीचा आवाज जरासा बदलला तरी तुझे कान टवकारायचे. स्वतःच्या छातीकडे लक्ष द्यायला मात्र तुला सवड मिळाली नाही.

काय माणूस होतास रे तू. दिवसभर तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहायचास, शिंकत घरी यायचास, आणि चहा घशाखाली उतरतो न उतरतो तोच ते खोकं काखेत मारून माळावर. बरं, उंचीची भीती किती! गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते बघायला मला शिडीवर चढवायचास आणि स्वतः खाली शिडी धरून "आक्का, जपून गं" म्हणायचास. त्याच माणसाला वखारीची कौलं आणि देवळाचा कळस वरून बघायचं वेड लागलं. एकदा बळंच तो चष्मा माझ्या डोळ्यांवर बांधलास. खाली तंबाखू काढून मोकळं झालेलं रान, त्यात छत्री घेतलेली एक बुटकी बाई. ही कोण, असं मी विचारलं आणि तू हसत सुटलास. मला गरगरलं, तिथंच मातीत बसले, तरी तुझं हसू थांबेना.

अंगणात बॅटरी जोडलीस की चारी मोटरी मिळून एक छोटीशी धून वाजवायच्या. आधी चढत जाणारे तीन सूर, मग थांबून दोन. ती ऐकू आली की वैशाली स्वयंपाकघरातून आवाज द्यायची, "कपडं वाळत घातल्यात, लांब न्या ते!" आणि तू माझ्याकडे बघून डोळा मिचकावायचास. आपलं तिघांचं घर, ना पोर ना बाळ. संध्याकाळी तेवढाच काय तो गलका.

आता दहाव्याचं सांगते. तू तिथं होतास की नव्हतास, ते तुलाच माहीत.

वेदगंगेच्या काठी त्या दिवशी आपल्या आधी दोन घरांचे विधी आटोपले होते. कावळे पोटभर जेवून झाडावर बसले होते. शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईला एवढं कळत नव्हतं असं नाही. पण ऊन चढत गेलं, पिंडावरचा भात सुकत गेला, माणसांचे चेहरे उतरत गेले, तसा माझाही जीव खालीवर व्हायला लागला. त्याचं कशात तरी मन अडकलंय, असं जो तो म्हणायला लागला. चुलते म्हणून तात्या पुढे झाले. हात जोडून म्हणाले, वैशालीला ह्या घरातून कुठं जाऊ देणार नाही, लेकीसारखी सांभाळू. कावळा हलला नाही. कुणी बांधाच्या भांडणाचं बोललं, कुणी घराच्या राहिलेल्या गिलाव्याचं बोललं. काही नाही. वैशाली मागे बायकांत डोक्यावरून पदर घेऊन बसली होती. शेवटी माझ्याच तोंडून निघून गेलं, "संजू, तुझं ते ड्रोन मी जोडून उडवीन रं."

आणि कावळा आला.

लोक माझ्याकडे असे बघायला लागले, की मी तुझ्या मनात शिरून आले आहे. खरं सांगू? मला अभिमान वाटला. बायकोला नाही कळलं, तात्यांना नाही कळलं, आक्काला कळलं! घरी येईपर्यंत रडताना मधेच मला बरं वाटत होतं.

मग काही दिवसांनी कुरिअरवाला आला. ड्रोन शेवटचा पडला तेव्हा त्याचा बोर्ड, म्हणजे मेंदू, जळला होता आणि नवा तू मागवून ठेवला होतास. ओटीपी सांगा, म्हणाला. ओटीपी तुझ्या फोनवर. तुझा फोन वैशालीनं अजून चार्ज करून देवघराजवळ ठेवला होता. तिनं तो आणला, आकडे वाचून दाखवले आणि पुन्हा जागेवर ठेवला. त्या पाकिटातली वस्तू बिस्किटाएवढी होती, आणि त्या एवढ्याशा बोर्डानं माझे जे हाल केले, ते एवढ्या वर्षांत शाळेतल्या एकाही वर्गानं केले नाहीत.

आधी लॅपटॉप त्याला ओळखेना. आठवडाभर मी लॅपटॉपला शिव्या घातल्या. शेवटी कळलं, की घरातली केबल फक्त चार्जिंगची होती, तिच्यातून माहिती जातच नाही. दिसायला दोन्ही सारख्याच! दुसरी केबल आणली, तर रिमोट आणि ड्रोन एकमेकांना ओळख देईनात. एकाचं सॉफ्टवेअर जुनं, दुसऱ्याचं नवं. जुन्या वळणाची सासू आणि नव्या वळणाची सून, दोघींचा संसार लावायला मी बसलेली. यूट्यूबवर बघावं तर प्रत्येक पोरगा पहिल्याच वाक्यात म्हणतो, हे अगदी सोपं आहे. मला त्यातल्या प्रत्येकाला बाकावर उभं करावंसं वाटायचं. तारा जोडायला सोल्डरिंगचे डाग देताना बोट भाजलं, पाटावर काळा डाग पडला, घरभर तो जळका वास. एकदा स्क्रू हातातून निसटून कुठं गेला तो अजून सापडलेला नाही, आणि मी तुझ्या फोटोसमोर उभी राहून मोठ्यानं ओरडले, की एवढा खटाटोप करून उडवण्यात असं होतं तरी काय? फोटोतला तू हसत होतास. तेव्हा मला तुझ्या हसण्याचाही संताप आला.

पण सगळ्यात वाईट ते नव्हतं.

पहिल्यांदा बॅटरी जोडली तो रविवार होता. मी अंगणात बसले होते. धून वाजली. तीन सूर. आणि आतून वैशालीचा आवाज आला, "कपडं वाळत घातल्यात, लांब..." बोलत बोलत ती दारापर्यंत आली सुद्धा. हात तांदळाच्या पाण्यानं ओले. तिनं मला बघितलं, माझ्या हातातली बॅटरी बघितली. चेहऱ्यावर काय आलं ते मी तुला सांगू शकत नाही. तिनं हात पदराला पुसले आणि आत गेली. त्या दिवशी भात करपला.

त्यानंतर मी ते खोकं काढलं, की ती परसात जाऊन नळ सोडायची, किंवा काही काम नसताना देवळात जायची. मला दिसत होतं, संजू. मी काही आंधळी नाही. पण मी मनाला सांगत होते, की अजून थोडेच दिवस. एकदा उडवला की सुटलो सगळे. एवढ्या माणसांसमोर शब्द दिलाय, कावळा शिवलाय, आता मागं फिरून कसं चालेल? आणि ती तरी कुठं काही म्हणत होती?

मग एकदाचं सगळं जुळलं. पंखे फिरले, ड्रोन जमिनीवरून हातभर उठला आणि तिथल्या तिथं कोलांटी खाऊन अबोलीच्या रोपावर उताणा पडला. पुन्हा उठवला, पुन्हा तेच. अबोलीचा पार चुरा झाला. वैशाली बाहेर आली, रोपाचे तुकडे वेचून घेऊन गेली. मी हातातला स्क्रू ड्रायव्हर भिंतीवर फेकला. मला रडू यायला लागलं, तेही रागानं.

दुसऱ्या दिवशी ती मेथी निवडत होती. मी म्हटलं, हा बेळगावला कुणाला तरी दाखवून आणते, मला काही जमायचं नाही. मेथी निवडता निवडता, वर न बघता ती बोलली.

"तुम्ही सगळ्यांनी त्या कावळ्याला शब्द दिला. माझ्याबद्दल बी दिला. मला कुणी इचारलं न्हाय, आक्का."

मी म्हटलं, तू काय म्हणाली असतीस?

"मी म्हटलं असतं, जावा आता. माझी काळजी करू नगा. लई दमलाय, जावा." मग जुडीचं सूत सोडत म्हणाली, "ती मोटर वाजली की मला दर खेपेला वाटतं, ते आल्यात. मग ते पुन्हा जात्यात. तुम्ही त्यांस्नी जाऊच देईनासा."

मला राग आला तिचा. एवढी राबले, बोटं भाजून घेतली, ती कुणासाठी? असं मनात म्हणत चार दिवस तिच्याशी कामापुरतं बोलले. तीही तशीच. एका घरात दोन बायका आणि मधे ते खोकं. पण वर्गात फळ्यावर गणित लिहिताना तिचं बोलणं आठवायचं आणि हात थांबायचा. तुझ्या दहाव्याला आम्ही इतकी माणसं होतो. तुला सगळ्यात जवळची कोण होती? आणि तिलाच कुणी तोंड उघडायला सांगितलं नाही. मी सुद्धा नाही. मी तर पुढे होऊन बक्षीस घेऊन आले!

म्हणून विकायचं ठरवलं. तुम्हा हौशी लोकांच्या त्या ग्रुपवर टाकलं. मालक वारले म्हणून विकणे आहे, असं लिहिलं, तर एकानं विचारलं, ड्रोननंच गेले का? लोकांना काय काय सुचतं बघ.

फोटो काढायचा म्हणून मऊ फडक्यानं बोर्ड पुसायला घेतला. त्यावर एक बारीक बाण छापलेला आहे, तुला माहीत असेलच. तो ड्रोनच्या तोंडाकडे असायला हवा. माझा शेपटीकडे होता. केबल लावायला त्या बाजूनं बरं पडतं, म्हणून मीच तो फिरवून बसवला होता. त्यामुळे बिचाऱ्याला पुढचं मागं वाटत होतं आणि सावरायला गेला, की उलटत होता. चार स्क्रूंचं काम! हसावं की रडावं, तूच सांग.

बोर्ड सरळ करून बसवला. उलटा बाण ठेवून कुणाच्या गळ्यात मारणं माझ्या स्वभावात बसत नाही. बॅटरी उचलली. आता जोडली, तर अंगणातच उडाला असता. तुला दिलेला शब्द पुरा झाला असता. आत वैशाली भाकरी थापत होती, थापटण्याचा आवाज येत होता. मी बॅटरी परत पिशवीत ठेवली.

घेणारे गृहस्थ चिकोडीचे, बसवराज नावाचे, औषधाचं दुकान आहे त्यांचं. घरी येतो म्हणाले होते. मी म्हटलं नको, मीच येते. घेण्याआधी ते बॅटरी जोडून बघणारच, आणि ती धून मला ह्या घरात पुन्हा वाजायला नको होती. खोकं मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. कर्नाटकच्या बसला बायकांना तिकीट नाही, पण खोक्याला लावू का, असं कंडक्टरनं विचारलं. तू असतास तर त्याला चांगलं ऐकवलं असतंस.

दुकानामागच्या मोकळ्या रानात गेलो. मी त्यांना एकेक दोष सांगायला लागले, कुठं डाग नीट बसला नाही, कुठला स्क्रू वेगळाच लावलाय. ते म्हणाले, "बिडरी मेडम." राहू द्या म्हणाले, आणि बॅटरी जोडली. तीन सूर, मग दोन. माझी मान आपोआप स्वयंपाकघराकडे वळली. तिथं कुठलं स्वयंपाकघर? नुसता बांध होता.

ड्रोन उडाला, संजू. सरळ वर गेला, झाडाच्या शेंड्यापर्यंत, आणि तिथं स्थिर राहिला. तुझा असायचा तसाच. मी वर बघत राहिले आणि मला काहीतरी वाटेल, तुझं काहीतरी जाणवेल, म्हणून वाट बघत राहिले. काही वाटलं नाही. एक ड्रोन हवेत होता, दुसऱ्याच माणसाच्या हातात रिमोट होता आणि माझी मान दुखायला लागली.

त्यांनी तो खाली उतरवला आणि रिमोट माझ्यापुढे धरला. म्हणाले, "भावाचा हाय म्हणता, तर तुम्ही एकदा उडवा की. परत कधी हातात घेणार?"

घेतला असता तर? वैशालीला कळलंही नसतं. तिथं धून ऐकून दुखवायला कुणी नव्हतं. तात्यांना सांगितलं असतं, गावात ताठ मानेनं फिरले असते. माझं मन मोकळं झालं असतं, आणि तिच्या वाट्याला काय आलं असतं? संध्याकाळी तिनं वाढलेल्या ताटावर बसून मी माझं पुण्य गुपचूप गिळलं असतं. मी नको म्हटलं. माझा हात पुढे गेला होता, तो मागे घेतला.

बसमध्ये फार रडले. शेजारच्या बाईनं पाणी दिलं. एका थांब्यावर तर उतरायलाही निघाले, परत जावं, एकदा उडवून यावं. अजूनही वाटतं, की उडवायला हवा होता. बरोबर केलं असं मी तुला छातीठोक सांगू शकत नाही. गणितात उत्तर मागच्या पानावर बघता येतं, इथं ती सोय नाही.

घरी आले तर वैशालीनं ताट वाढलं. विचारलं, उडलं का? उडलं, म्हटलं. कुणी उडवलं? घेणाऱ्यानं, म्हटलं.

"तुम्ही न्हाय उडवलं?"

"न्हाय."

"मग शब्द?"

"मोडला गं."

ती माझ्यासमोर बसली. तू गेल्यापासून ती माझ्या आधी नाहीतर माझ्यानंतर जेवायची, समोर कधी नाही. भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. इतक्या हळू बोलली, की मला पुढे वाकावं लागलं.

"मग माझ्याबद्दलचा बी मोडता काय, आक्का? मला गुंजीला जायाचं हाय, आईकडं. चार दिवस न्हाय. ऱ्हायालाच."

कधीपासून मनात होतं म्हणून विचारलं, तर म्हणाली, दहाव्यापासून. एवढे दिवस ती आमच्या शब्दाला बांधली जाऊन ह्या घरात भाकऱ्या थापत होती, आणि मला वाटत होतं, आम्ही तिला सांभाळतोय! मला तिला थांबवायचं होतं, संजू. तू गेलास, आता ही गेली की एवढ्या घरात मी एकटी. शाळेतून येऊन कुलूप मीच काढायचं, दिवा मीच लावायचा. तुझं नाव घेतलं असतं तर ती थांबली असती. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य तोंडापर्यंत आलं होतं.

नाही बोलले. जा, म्हटलं. मग ती रडायला लागली आणि मी तिच्या ताटातली भाकरी झाकून ठेवली.

तात्या चिडतील. दहाव्याला दिलेले दोन-दोन शब्द मोडले म्हणून गाव मला नावं ठेवील. ठेवू दे. तुला वचन देते, ते एवढंच. रविवारी तिला घेऊन बेळगावला जाईन, तिथून रेल्वेनं गुंजीला तिच्या आईच्या दारात पोचवीन, आणि तुझं नाव घेऊन तिला परत बोलावणार नाही. माझ्यासाठी ये, असंही म्हणणार नाही. यापुढे तुझ्यासाठी म्हणून मी काहीही करणार नाही, संजू. तुला ते आवडलं नाही, तरी चालेल.

तुझी,
आक्का